पाहुणी वाफेची इंजिने (वारसा रेल्वे गाला)

वारसा रेल्वेच्या (जुनी इंजिने व डबे जपून हौसेने चालवणाऱ्या मार्गाच्या) गालासाठी, म्हणजे इंजिनांच्या खास उत्सवासाठी, दुसरी रेल्वे, संग्रहालय किंवा इंजिनाची मालक-संस्था यांच्याकडून ठरावीक मुदतीसाठी आणलेली वाफेची इंजिने. ही प्रथा मुख्यतः ब्रिटनमधील आहे. नुसती मांडून ठेवलेली किंवा फलाटालगत धूर सोडत उभी असलेली इंजिने या नोंदीत धरलेली नाहीत. पाहुण्या इंजिनाने यजमान मार्गावर गाडी ओढली पाहिजे, हा निकष येथे पाळला आहे.

गाला बहुधा शनिवार-रविवार धरून तीन-चार दिवसांचा असतो. वेळापत्रक दाट असते, काही गाड्यांना दोन इंजिने लावतात आणि रिकाम्या वाघिणींची मालगाडीही फिरवतात. सेव्हर्न व्हॅली (किडरमिन्स्टर–ब्रिजनॉर्थ, १६ मैल), ब्लूबेल, वेस्ट सॉमरसेट आणि लफबरोची ग्रेट सेंट्रल हे यातील परिचित मार्ग. ग्रेट सेंट्रलचा बराच भाग दुहेरी असल्याने वाफेच्या दोन गाड्या समोरासमोरून जाताना पाहायला मिळतात.

उगम : मूळ दोन ठिकाणी दाखवता येते. पहिले शताब्दीच्या संचलनांत. स्टॉक्टन–डार्लिंग्टन रेल्वेच्या शताब्दीनिमित्त जुलै १९२५ मध्ये इंजिनांची मिरवणूक निघाली. तिच्याच १५० व्या वर्षी, ऑगस्ट १९७५ मध्ये, शिल्डन येथे आणि लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वेच्या १५० व्या वर्षी, मे १९८० मध्ये, रेनहिल येथे अशीच संचलने झाली. दुसरे मूळ छोट्या वारसा मार्गांनी इंजिनप्रेमींसाठी राखलेल्या खास दिवसांत आहे. वरील निकष लावला तर दुसरे अधिक ग्राह्य ठरते. संचलनात इंजिने एकामागून एक पुढे सरकली, रोजच्या गाडीचे काम त्यांनी केले नाही.

याहून जुना पूर्वज शोधायचा तर अदलाबदलीच्या चाचण्यांकडे जावे लागते. १९२५ मध्ये ग्रेट वेस्टर्न या रेल्वे कंपनीचे ‘पेंडेनिस कॅसल’ हे इंजिन लंडनच्या किंग्ज क्रॉसवरून लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेच्या गाड्या घेऊन धावले; राष्ट्रीयीकरणानंतर १९४८ मध्ये ब्रिटिश रेल्वेज या सरकारी रेल्वेने आपल्यात विलीन झालेल्या चारही जुन्या कंपन्यांची इंजिने एकमेकांच्या मार्गांवर चालवून पाहिली. हेतू कोळसा आणि ताकद मोजण्याचा होता, करमणुकीचा नव्हता. तरी एका मुलखाचे इंजिन आणि दुसऱ्या मुलखाचे डबे ही आज गालात हौसेने जुळवलेली जोडी या चाचण्यांत दिसते.

आजच्या स्वरूपातील गाला सामान्यपणे १९८० च्या दशकापासून धरावा. टॅलिलिन रेल्वे १९५१ मध्ये आणि ब्लूबेल १९६० मध्ये स्वयंसेवकांच्या हाती आली, परंतु पाहुणा पाठवण्याइतकी चालू इंजिने तेव्हा कोणापाशीच नव्हती. ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरील वाफेची सेवा ऑगस्ट १९६८ मध्ये संपली. त्यानंतर वेल्समधील बॅरी येथील वुडहॅम यांच्या भंगार आवारातून एकूण २१३ इंजिने वाचली. त्यांतले एकेक दुरुस्त होऊन पुन्हा वाफेवर यायला वर्षानुवर्षे लागली, आणि देवघेव वाढली ती त्यानंतर.

ब्रेकचा प्रश्न : पाहुणे इंजिन रुळांवर बसले म्हणजे गाडीला जुळले, असे होत नाही. व्हॅक्यूम ब्रेकमध्ये प्रत्येक डब्याखालच्या सिलेंडरात दट्ट्याच्या वर बंद कक्ष असतो आणि खालची बाजू गाडीभर गेलेल्या नळीला जोडलेली असते. दोन्हीकडे सारखी निर्वातता असली की ब्रेक सुटलेला राहतो. नळीत हवा शिरली की दट्ट्या वर उचलला जातो व ब्रेक लागतो. ब्रिटनमध्ये बहुतेक रेल्वे पाऱ्याच्या २१ इंच निर्वाततेवर चालत. ग्रेट वेस्टर्न मात्र २५ इंच ठेवत असे. ग्रेट वेस्टर्नचे इंजिन गाडीवरून काढून दुसऱ्या कंपनीचे जोडले, की वरच्या कक्षात २५ इंच अडकून राहतात आणि नव्या इंजिनाला नळीत २१ च इंच साधतात. चार इंचांच्या त्या फरकाने ब्रेक धरून राहतो, इंजिन कितीही जोर लावो. मग एक जण गाडीच्या कडेने खडीवरून चालत प्रत्येक डब्याची दोरी ओढतो. सुस्कारा टाकल्यासारखी हवा आत शिरते, ब्रेकचे ठोकळे चाकांपासून सुटतात आणि तो पुढच्या डब्याकडे वळतो. उलट क्रमाने इंजिने बदलली तर ही अडचण येत नाही, कारण २५ इंचांचे इंजिन कक्षातली हवा आणखी खेचून घेते. गालात इंजिने दिवसभर बदलत असतात. कोणत्या गाडीवर कोणामागून कोण येणार, हे ठरवताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

ग्रेट वेस्टर्नच्या इंजिनात ड्रायव्हर उजवीकडे असतो, बहुतेक इतरांत डावीकडे. परक्या इंजिनावर सिग्नल पाहण्याची सवयच बदलावी लागते. तिच्या ‘हॉल’सारख्या वर्गांची वाफेची बाहेरील सिलेंडरे इतकी रुंद असतात की काही फलाटांना घासण्याचा धोका असतो. तिच्याच ‘किंग’ वर्गाचा एका आसावरील भार २२.५ टन असल्याने जुने पूल आधी तपासावे लागतात. वेगाची अडचण सहसा नसते, कारण वारसा मार्गांवरील मर्यादा बहुधा ताशी २५ मैल (सुमारे ४० किमी.) असते.

ने-आण व करार : किडरमिन्स्टरप्रमाणे मुख्य मार्गाशी सांधा असेल तर इंजिन रुळांवरून येऊ शकते. एरवी रस्त्यावरून नेणारा लो-बेड (बुटक्या तळाचा) ट्रेलर हाच मार्ग. टेंडर (इंजिनामागची कोळसा-पाण्याची गाडी) सोडवून वेगळ्या ट्रेलरवर चढवतात आणि इंजिन थंड बॉयलरने, विंचच्या पोलादी दोराने रॅम्पवर ओढतात. मोठ्या इंजिनाचे टेंडरविना वजनच १०० टनांवर जाते. ‘टॉर्नेडो’ हे नव्याने बांधलेले इंजिन (२००८) सुमारे १०५ टनांचे आहे. त्यामुळे छोट्या रेल्वेला टाकीवाले (टेंडरऐवजी अंगावरच पाणी-कोळसा वाहणारे) लहान इंजिन बोलावणे परवडते, आणि आखूड शाखामार्गावर तेच अधिक शोभतेही. भाडे बहुधा वाफेवर असलेल्या दिवसांच्या हिशेबाने ठरते. बॉयलरची मोठी तपासणी साधारण दहा वर्षांनी येत असल्याने मुदत संपत आलेले इंजिन शेवटच्या हंगामात गालोगाली फिरताना दिसते. दक्षिण वेल्समधील फॉस-इ-फ्रॅन ही कोळशाची खाण २०२३ मध्ये बंद झाल्यापासून कोळशाचा खर्चही या हिशेबात जड झाला आहे.

भारत : भारतात ही प्रथा रुजलेली नाही. भारतीय इंजिन पाहुणे म्हणून गेल्याचे ठळक उदाहरण दार्जिलिंग हिमालयन रेल्वेच्या ७७८ क्रमांकाचे आहे. शार्प स्टुअर्ट कंपनीने १८८९ मध्ये बांधलेले हे इंजिन १९६० च्या दशकात अमेरिकेत गेले, २००२ च्या सुमारास ब्रिटनमध्ये परतले आणि पुढे वेल्समधील फेस्टिनिऑग रेल्वेवर पाहुणे म्हणून धावले.