दुखणं बेंबीशी, आजार उजवीकडे

"डॉक्टरांनी नुसतं पोट दाबून पाहिलं, साधी सोनोग्राफीसुद्धा सांगितली नाही." ही तक्रार हल्ली दवाखान्याबाहेर सर्रास ऐकू येते. यंत्रं नव्हती तेव्हा डॉक्टर नाइलाजाने हात वापरत, आता यंत्रं आली, मग हात कशाला, असा समज त्यामागे असतो. हा समज चुकीचा आहे. पोटावर ठेवलेल्या हाताला नेमकं काय कळतं हे समजून घ्यायचं असेल, तर अपेंडिक्सच्या दुखण्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

नमुनेदार रुग्णात हे दुखणं बेंबीभोवती सुरू होतं. कुठे दुखतंय विचारलं तर रुग्ण अख्खा तळहात पोटावर फिरवतो. जेवण नको वाटतं, मळमळतं, एखादी उलटी होते. काही तासांनी दुखणं उजवीकडे खाली सरकतं, आणि आता तोच रुग्ण एका बोटाने जागा दाखवतो. अपेंडिक्स पहिल्यापासून उजवीकडेच होतं. मग सुरुवातीला बेंबी का दुखली?

उत्तरासाठी गर्भावस्थेत जावं लागतं. गर्भाचं आतडं आधी शरीराच्या मध्यरेषेवर एक सरळ नळी असते. तिचे तीन भाग पडतात: पुढचा, मधला आणि मागचा. लहान आतड्याचा बहुतेक भाग, अपेंडिक्स आणि मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग मधल्या नळीतून तयार होतात. ही मधली नळी इतक्या झपाट्याने वाढते की पोटात मावत नाही. साधारण सहाव्या आठवड्यात ती बेंबीतून नाळेत शिरते, तिथे वळत जाते आणि दहाव्या आठवड्याच्या सुमारास पोटात परतते. या सगळ्या प्रवासात ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने एकूण 270 अंश फिरते. मोठ्या आतड्याचं टोक आधी यकृताखाली येतं, मग खाली उजवीकडे उतरतं. त्याला चिकटलेलं अपेंडिक्सही सोबत उतरतं.

जागा बदलली तरी मज्जातंतूंची जोडणी जुनीच राहते. अपेंडिक्सकडून वेदना नेणारे तंतू मज्जारज्जूत छातीच्या दहाव्या पातळीच्या आसपास शिरतात, आणि बेंबीभोवतीच्या कातडीचे तंतूही त्याच पातळीवर येतात. कातडीकडून मेंदूला रोज असंख्य संदेश जातात, अपेंडिक्सकडून जवळजवळ कधीच नाही. म्हणून त्या पातळीवरून वेदनेचा संदेश आला की मेंदू ती बेंबीपाशी मांडतो. जठराचं दुखणं बेंबीच्या वर आणि मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचं ओटीपोटात जाणवतं, तेही याच न्यायाने.

आतड्याच्या तंतूंना कळतं तरी काय? कापणं आणि चटका त्यांना कळत नाही. शस्त्रक्रियेत पोटावर बाहेर काढून ठेवलेलं आतड्याचं वेटोळं नंतर भूल न देता उघडलं तरी रुग्णाला दुखत नाही. ताण, रक्तपुरवठा तुटणं आणि दाह (म्हणजे सूज येऊन लाल होणं) मात्र त्यांना कळतो. अपेंडिक्सचं तोंड विष्ठेच्या खड्याने किंवा सुजेने बंद झालं की आत श्लेष्म, म्हणजे चिकट स्राव, साचतो, दाब वाढतो, भिंत ताणली जाते. बेंबीची ती पसरट कळ या ताणाची असते.

पोटाच्या भिंतीला आतून एक पातळ अस्तर असतं, उदरावरण. त्याच्या नसा वेगळ्या आहेत. वरच्या कातडीला आणि पोटाच्या स्नायूंना ज्या नसा जातात, त्यांच्याच शाखा त्याला मिळतात. त्यामुळे तिथलं दुखणं तीक्ष्ण असतं आणि त्याची जागा बोटभर अचूक सांगता येते. दाह अपेंडिक्सच्या बाहेरच्या थरापर्यंत पोचून या अस्तराला भिडला की दुखणं 'सरकतं'. खरं तर आता दुसरेच मज्जातंतू बोलू लागलेले असतात. डॉक्टरांचा हात शोधतो तो हा अस्तराचा दाह. अपेंडिक्स स्वतः सहसा बोटांना लागत नाही.

म्हणून तपासण्याला एक रीत आहे. रुग्णाला उताणं झोपवून गुडघे किंचित दुमडायला सांगतात, म्हणजे पोटाचे स्नायू सैल पडतात. हात गरम हवेत. सुरुवात दुखऱ्या जागेपासून सर्वांत लांबून करायची, बोटांचा सपाट भाग वापरायचा आणि नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर ठेवायची, कारण तोंडाने 'ओ' येण्याआधी कपाळावर आठी येते. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक चार्ल्स मॅकबर्नी यांनी 1889 मध्ये सर्वांत दुखऱ्या जागेचं वर्णन केलं: कमरेच्या उजव्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीकडे रेषा काढली, तर हाडापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर. तिथे एका बोटाने दाबलं की रुग्ण कळवळतो.

त्याहून बोलकी खूण म्हणजे स्नायूंचा ताठरपणा. अस्तराच्या आणि स्नायूंच्या नसा एकच, म्हणून अस्तराला इजा झाली की वरचे स्नायू आपोआप आवळले जातात. घाबरलेला किंवा गुदगुल्या होणारा माणूसही पोट आवळतो, पण त्याला बोलण्यात गुंतवलं, लांब श्वास सोडायला लावला की ते सैल होतं. दाहाने आलेला ताठरपणा तसा जात नाही. हा फरक शिकलेल्या बोटांनाच कळतो, त्याचं चित्र कुठल्याही पडद्यावर उमटत नाही. हात हळूच दाबून पटकन काढल्यावर जास्त दुखणं ही खूणही अस्तराचीच, पण त्यात रुग्णाचे हाल होतात. खोकायला सांगून किंवा बोटाने अलगद ठोकून तीच माहिती मिळते, आणि मला ते अधिक माणुसकीचं वाटतं.

बेंबीभोवती दुखू लागलं की आपल्याकडे आजही 'बेंबी सरकली' म्हणतात. बेंबीवर दिवा ठेवून तांब्या उपडा घालतात, पोट चोळतात, एरंडेल पाजतात. बेंबी म्हणजे नाळेचा वण. तो सरकत नाही. ज्या पोटात फुगलेलं अपेंडिक्स आहे ते चोळणं आणि जुलाबाचं औषध देऊन आतड्यांना जोर करायला लावणं घातक आहे, कारण त्याने अपेंडिक्स फुटू शकतं. भर म्हणजे फुटल्यावर आतला दाब उतरून काही काळ बरं वाटतं आणि श्रेय उपचाराला मिळतं. मग संसर्ग पोटभर पसरतो, पोट लाकडासारखं कडक होतं. त्या सुरुवातीच्या तासांत तांब्या शोधत बसण्याऐवजी डॉक्टर गाठला पाहिजे.

1986 मध्ये आल्फ्रेडो आल्वाराडो यांनी या निदानासाठी 10 गुणांची पद्धत मांडली. दुखणं सरकणं, भूक न लागणं, मळमळ किंवा उलटी यांना प्रत्येकी 1 गुण, उजव्या खालच्या भागात दाबल्यावर दुखण्याला 2, हात काढल्यावर दुखण्याला 1, तापाला 1. उरलेले 3 रक्ततपासणीचे. म्हणजे 7 गुण प्रश्न विचारून, हात लावून आणि थर्मामीटरने मिळतात, आणि 7 किंवा जास्त गुण असले तर अपेंडिक्सची शक्यता बरीच समजतात.

त्याच वर्षी नेदरलँड्सचे युलियन पुयलार्ट यांनी अपेंडिक्सच्या सोनोग्राफीचं तंत्र प्रसिद्ध केलं. त्यात प्रोबने, म्हणजे यंत्राच्या पोटावर टेकवायच्या भागाने, पोट हळूहळू दाबत जातात. वायू बाजूला सरतो, निरोगी आतडं चपटं होतं, सुजलेलं अपेंडिक्स मात्र दबत नाही. प्रोब ठेवायचा कुठे, तर रुग्ण बोट दाखवेल तिथे.

हाताच्या मर्यादाही खऱ्या आहेत. दुखणं ठरल्याप्रमाणे सरकतं ते निम्म्याच्या आसपास रुग्णांत. अपेंडिक्स मोठ्या आतड्याच्या मागे लपलेलं असेल तर पुढचं अस्तर शांत राहतं आणि पोट मऊ लागतं. अशा वेळी रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून उजवी मांडी मागे ताणली की अपेंडिक्सच्या मागचा स्नायू खेचला जाऊन दुखतं. गरोदरपणात अपेंडिक्स वर ढकललं जातं. म्हाताऱ्या माणसांत ताठरपणा कमी असतो. सीटी स्कॅन सहज मिळू लागल्यापासून अनावश्यक शस्त्रक्रिया घटल्या आहेत, आणि शंका असेल तिथे तो करावाच.

शंकेच्या रुग्णाला कधी कधी दाखल करून नुसतं पाहत राहतात. दर काही तासांनी, शक्यतो त्याच डॉक्टरने, पोट पुन्हा तपासायचं. नातेवाइकांना वाटतं, यांना कळत नाहीये म्हणून वेळ काढतायत. पण सकाळी मऊ असलेला भाग दुपारी ताठ लागला, तर आजार कुठे आहे आणि कुठल्या दिशेने चाललाय, दोन्ही कळलेलं असतं.