पार्श्वभूमी: लॅबमधलं प्लास्टिक आणि कुजणारे पर्याय

पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) सुरू झालं, तेव्हा जगभरच्या प्रयोगशाळा काचेवर चालत. नळ्या, सिरिंज, पेट्री डिश धुवायच्या, वाफेने निर्जंतुक करायच्या, पुन्हा वापरायच्या. साठच्या दशकापासून पॉलिस्टायरीनच्या डिश आणि पॉलिप्रॉपिलीनच्या नळ्या रुळल्या. पुढे एचआयव्हीच्या धास्तीने ‘वापरा आणि टाका’ हीच पद्धत पक्की झाली. धुणाऱ्याचा जीव वाचला, ही मोठीच गोष्ट. पण कचरा फुगला: जीवशास्त्र, वैद्यक आणि कृषी संशोधनातून वर्षाला सुमारे ५५ लाख टन, असा अंदाज एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडला.

कुजणारं प्लास्टिक काही आजचं नाही. जिवाणूंच्या पेशीत साठणारं पीएचबी हे प्लास्टिक १९२६ मध्येच सापडलं होतं. साखरेपासून होणाऱ्या पीएलए (पॉलिलॅक्टिक ॲसिड) या कुजणाऱ्या प्लास्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये पुण्याजवळ जेजुरीला उभा केला. घोडं अडतं ते ऑटोक्लेव्हपाशी, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रापाशी. तिथे १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब; साधं पीएलए ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतं. त्याचा रॅक आत ठेवला तर बाहेर येतो तो कंबर मोडून, नळ्या तिरक्या. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांपर्यंत वितळत नाही, म्हणून ते टिकून आहे.

दुसरा अडथळा २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांचा. कल्चरच्या (जंतू वाढवलेल्या) डिश लॅबमध्येच निर्जंतुक करून पिवळ्या पिशवीतून भट्टीत जातात. जी वस्तू मातीत पोचतच नाही, तिच्या कुजण्याचा उपयोग काय? लाल पिशवीतलं प्लास्टिक निर्जंतुक होऊन, तुकडे होऊन पुनर्वापराला जातं. त्यात पीएलए मिसळलं तर ते पॉलिप्रॉपिलीनशी एकजीव होत नाही आणि दाणे ठिसूळ निघतात.

म्हणून सुरुवात नमुन्याला न लागणाऱ्या वस्तूंपासूनच करावी: किटच्या आतले ट्रे, बाहेरचं वेष्टन. तेही वेगळं जमवून औद्योगिक कंपोस्टला द्यायला हवं, कारण पीएलएला आठवडेच्या आठवडे ५८ अंशांच्या आसपास ऊब आणि ओल लागते. सोसायटीच्या खतखड्ड्यात ते तसंच राहतं. पिपेटच्या टिपचे डबे फेकण्याऐवजी रिफिल मागवावेत. स्टेनिंग जार (काचपट्ट्या रंगवायच्या बरण्या), मीडियाच्या (जंतू वाढवायच्या द्रावणाच्या) बाटल्या, मोजपात्रं यांना काच आजही उत्तम. खरेदी करताना नुसत्या ‘बायोडिग्रेडेबल’ शिक्क्यावर जाऊ नये. आयएस/आयएसओ १७०८८ या कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकच्या मानकाचं प्रमाणपत्र मागावं.