भारताकडून आशिया चषकाची पात्रता फेरी खेळायची असेल तर : परदेशस्थ मराठी कुटुंबांनी आधी पाहावयाची कागदपत्रे

मूल परदेशात जन्मले, तिथल्या अकादमीत फुटबॉल शिकले, आणि आता आईवडिलांच्या देशाकडून आशिया चषकाची पात्रता फेरी खेळावी असे त्याच्या मनात आले, तर नेमके काय करावे लागते, याची विचारणा माझ्याकडे वारंवार होते. गेली काही वर्षे अशा कुटुंबांची कागदपत्रे लावून देण्याचे काम मी करतो. फाईल जवळजवळ प्रत्येक वेळी त्याच तीन-चार जागी अडते आणि त्या जागा कोणीही आधी सांगितलेल्या नसतात. दोन दोन वर्षे धावपळ करून रिकाम्या हाताने परतलेली मुले मी पाहिली आहेत, म्हणून पुढील माहितीत सोप्या पायऱ्या एका ओळीत आटोपल्या आहेत आणि अडचणींच्या जागी मुद्दाम थांबलो आहे.

विचारणा का वाढली, हे समजण्यासारखे आहे. २०२७ चा आशिया चषक सौदी अरेबियात २४ संघांचा होणार असून त्यांतील १८ संघ विश्वचषक पात्रतेच्या दुसऱ्या फेरीतूनच ठरले. उरलेल्या ६ जागांसाठी २४ संघांचे ६ गट करण्यात आले आणि प्रत्येक गटातून फक्त पहिला संघ पुढे जाणार होता. भारताच्या गटात हाँगकाँग, सिंगापूर आणि बांगलादेश होते. २५ मार्च २०२५ रोजी शिलाँगला बांगलादेशाशी गोलशून्य बरोबरी झाली, आणि १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरकडून १-२ अशी हार पत्करल्यावर भारताच्या आशा संपल्या. शिलाँगच्या त्याच सामन्यात इंग्लंडमध्ये जन्मलेला आणि इंग्लंडच्या २१ वर्षांखालील संघाकडून खेळलेला हमझा चौधरी बांगलादेशाकडून प्रथमच उतरला. ते पाहिल्यापासून घरोघरी एकच प्रश्न आहे, की तो खेळू शकतो तर आमचा मुलगा का नाही?

ओसीआय कार्डाने पात्रता मिळत नाही

याचे उत्तर फुटबॉलच्या नियमांत नसून नागरिकत्वाच्या कायद्यात आहे. बांगलादेशाचा कायदा दुसरा पासपोर्ट बाळगू देतो, त्यामुळे हमझाला ब्रिटिश पासपोर्ट न सोडता बांगलादेशी पासपोर्ट काढता आला. आपल्याकडे राज्यघटनेचे नववे कलम आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा दुहेरी नागरिकत्वाला वाव देत नाहीत, आणि देशाच्या संघात केवळ भारतीय पासपोर्टधारकच खेळतील असे क्रीडा मंत्रालयाचे २००८ पासूनचे धोरण आहे. परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डावर ‘सिटिझन’ हा शब्द छापलेला असला तरी ते कार्ड म्हणजे आजन्म चालणारा व्हिसा आहे. ज्या शब्दाचा अर्थ नागरिक असा होतो, तो शब्द नागरिक नसलेल्या माणसाच्या कार्डावर छापायचा आणि मग खिडकीवर त्याला ‘तुम्ही नागरिक नाही’ असे ऐकवायचे, यात लोकांची किती फसगत होते याचा विचार शासनाने करायला हवा होता.

मध्यंतरी एक कुटुंब सुट्टीत पुण्याला आले असताना मुलाची फाईल घेऊन माझ्याकडे आले. फाईल चांगली दोन इंच जाड होती. तीत अकादमीची पत्रे, प्रशिक्षकांच्या शिफारशी आणि स्पर्धांची प्रमाणपत्रे होती, आणि सर्वांत वर ओसीआय कार्डाची दोन्ही बाजूंची झेरॉक्स, तीही लॅमिनेट केलेली. मी आईच्या जुन्या भारतीय पासपोर्टविषयी विचारले, तेव्हा नवराबायकोंनी एकमेकांकडे पाहिले आणि थोड्या वेळाने उत्तर आले, “तो घर बदलताना टाकून दिला असेल.” त्या दोन इंचांत नागरिकत्वाच्या अर्जाला उपयोगी पडेल असा एकच कागद होता, आणि तो म्हणजे मुलाचा जन्मदाखला.

नागरिकत्वाचे मार्ग आणि दिवसांचा हिशोब

नागरिकत्व कायद्याच्या पाचव्या कलमात अशा मुलांना लागू पडणारे मुख्यतः दोन मार्ग आहेत. एक, अर्जदार सज्ञान असावा, तो स्वतः किंवा त्याच्या आईवडिलांपैकी एक जण पूर्वी स्वतंत्र भारताचा नागरिक असावा, आणि अर्जाच्या लगतपूर्वीचे १२ महिने त्याचे वास्तव्य भारतात असावे. दुसरा, अर्जदार सज्ञान असावा, त्याच्या ओसीआय नोंदणीला ५ वर्षे झालेली असावीत, आणि वास्तव्याची १२ महिन्यांची अट येथेही आहेच. पुष्कळ जण फक्त दुसरा मार्ग ऐकून येतात आणि कार्डाला ५ वर्षे पूर्ण होण्याची वाट पाहत बसतात. आई किंवा वडील एके काळी भारताचे नागरिक होते हे दाखवता येत असेल, तर ती वाट पाहण्याचे कारण नाही.

मात्र १२ महिन्यांची अट दोन्हीकडे सारखीच कडक आहे आणि सर्वाधिक अर्ज तिच्यावरच बुडतात. हे महिने अर्जाच्या दिवसापासून मागे मोजायचे असतात. दोन वर्षांपूर्वी सलग १४ महिने भारतात राहिलो होतो, हे सांगून भागत नाही. खेळाडूच्या बाबतीत हे विशेष अवघड आहे, कारण आपला फुटबॉल हंगाम वर्षभर चालत नाही आणि हंगाम संपला की मुलगा साहजिकच घरी, म्हणजे परदेशी, जातो. विशेष परिस्थितीत केंद्र सरकार एकूण ३० दिवसांपर्यंत सूट देऊ शकते आणि हे ३० दिवस तुकड्यातुकड्यांचेही चालतात, परंतु ती सूट कारणे लेखी नोंदवून दिली जाते, तो अर्जदाराचा हक्क नव्हे. म्हणून माझे कळकळीचे सांगणे आहे, की पासपोर्टावरील ये-जा करण्याचे सर्व शिक्के एका कागदावर तारखांसह उतरवून काढावेत, भारताबाहेर गेलेले दिवस स्वतः मोजावेत, आणि बहिणीच्या लग्नाला जायचे असले तरी त्या वर्षात तो हिशोब पाहिल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नये.

आई किंवा वडील पूर्वी भारतीय नागरिक होते याचा सर्वांत सरळ पुरावा म्हणजे त्यांचा रद्द केलेला भारतीय पासपोर्ट किंवा परदेशी नागरिकत्व घेतल्यावर भारतीय वकिलातीकडून मिळालेले सरेंडर सर्टिफिकेट. नेमके हेच कागद कोणाकडे नसतात. नवा पासपोर्ट हाती आला की जुन्याकडे रद्दी म्हणून पाहिले जाते. तो हरवला असेल तर ज्या वकिलातीत परत केला होता तिच्याकडे आधी चौकशी करावी, आणि ती चौकशी भारतात येण्यापूर्वीच सुरू करावी, कारण उत्तराला किती महिने लागतील याचा भरवसा नसतो.

गोव्याच्या कुटुंबांसाठी एक वेगळी सूचना आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या वंशजांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणी करून तिथले नागरिकत्व घेता येते आणि नोकरीधंद्यासाठी अनेकांनी ते घेतले आहे. स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते, मग भारतीय पासपोर्ट कपाटात शाबूत असला तरी. घरातील मुलगा भारताच्या वयोगटातील शिबिरांपर्यंत पोहोचण्याजोगा असेल, तर लिस्बनला कागद धाडण्याआधी जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

अठरा वर्षांखालील मुले आणि चुकलेल्या मुदती

आखाती देशांत जन्मलेल्या मराठी मुलांना यांतले काहीच सहसा लागत नाही, कारण तिथे जन्माने नागरिकत्व मिळत नाही आणि मुलाचा पासपोर्ट भारतीयच असतो. अडचण येते ती अमेरिकेसारख्या, जन्मतः नागरिकत्व देणाऱ्या देशांत. आईवडील भारतीय नागरिक असताना ३ डिसेंबर २००४ नंतर मूल परदेशात जन्मले असेल, तर त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे जाहीर करून त्याचा जन्म वकिलातीत एका वर्षाच्या आत नोंदवावा लागतो. हे वर्ष जन्मतारखेपासून मोजले जाते. मुदत हुकल्यास केंद्र सरकारची परवानगी घेऊन नोंद करता येते, पण तिथून पुढचा मार्ग लांबचा आहे.

दुसरी मुदत तर फारच थोड्यांना ठाऊक असते. वंशाने भारतीय असलेल्या अशा मुलाकडे दुसरे नागरिकत्वही असेल, तर सज्ञान झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत ते सोडावे लागते, नाहीतर भारतीय नागरिकत्व आपोआप जाते. मुलाचा अठरावा वाढदिवस आणि त्यानंतरचा सहावा महिना, या दोन तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात. आईवडील दोघेही परदेशी नागरिक झालेले असतील, तर मुलाला बहुधा सज्ञान होईपर्यंत थांबावेच लागते. १७ वर्षांखालील संघाच्या निवडीत ओसीआय कार्ड ‘चालवून घेतील’ असे सांगून पैसे मागणाऱ्या माणसाला दारातूनच परत पाठवावे.

अर्जाची पुढची वाट अशी, की गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर अर्ज भरावा, त्याची प्रत पुराव्यांसह जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावी, चौकशीला हजर राहावे आणि शेवटी निष्ठेची शपथ घ्यावी. येथे एकच गोष्ट जपावी. परदेशी नागरिकत्व सोडल्याचा पुरावा अर्ज तत्त्वतः मान्य झाल्याचे पत्र आल्यानंतर मागितला जातो. ते पत्र हातात येण्याआधी उत्साहाच्या भरात परदेशी पासपोर्ट परत करू नये, कारण मधल्या काळात मूल कोणत्याच देशाचे राहणार नाही. जपानचे नागरिकत्व सोडून, पुण्याच्या क्लबात खेळत असताना भारतीय झालेल्या इझुमी अराता यांनी २०१३ मध्ये भारताकडून पदार्पण केले. तसे करणे शक्य आहे, पण सोडलेले नागरिकत्व पुन्हा मिळेलच असे नसते, आणि याची चर्चा घरात शांतपणे व्हायला हवी.

फिफाचे दाखले : जन्मस्थान कोणाचे दाखवायचे

नवे नागरिकत्व घेतलेल्या खेळाडूला फिफा आणखी एक पुरावा मागते. तो स्वतः, त्याचे आईवडील किंवा आजी-आजोबा यांपैकी कोणीतरी एक जण त्या देशाच्या भूमीवर जन्मलेले असावे, अन्यथा खेळाडूचे तिथे ठरावीक काळ वास्तव्य असावे. ही मुदत दहाव्या वर्षापूर्वी राहायला आलेल्यास ३ वर्षे आणि त्यानंतर आलेल्यास ५ वर्षे अशी आहे. नुसते भारतीय वंशाचे असणे येथे मोजले जात नाही. फाळणीपूर्वी कराचीत जन्मलेल्या मराठी आजोबांचा दाखला म्हणूनच भारतासाठी उपयोगी पडत नाही.

येथे लोक विनाकारण आजोबांच्या गावी धाव घेतात. आईचा किंवा वडिलांचा जन्म मुंबई, पुणे, नागपूर अशा ठिकाणी झाला असेल, तर महापालिकेचा जन्मदाखला पुरतो आणि आजी-आजोबांपर्यंत जावेच लागत नाही. आईवडीलही परदेशात जन्मलेले असतील तरच ती वेळ येते. मग मात्र तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातील कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, काढून घ्यावे लागते. एका आजीची नोंद शोधताना माझ्यासमोर उघडलेल्या पानावर मोडी अक्षरांत वडिलांचे नाव, जात आणि तारीख होती, आणि पुढे फक्त ‘मुलगी’ एवढेच. मुलीचे नाव लिहिण्याची पद्धतच नव्हती. त्यात आमच्याकडे लग्नानंतर बाईचे आडनावच नव्हे तर नावही बदलत असे. त्यामुळे कोतवाल बुकातील निनावी मुलगी, शाळेच्या दाखल्यावरील माहेरचे नाव आणि पासपोर्टवरील सासरचे नाव ही एकच व्यक्ती आहे हे विवाहाची नोंद, राजपत्रातील नावबदल आणि प्रतिज्ञापत्र यांनी सांधून दाखवावे लागते. त्यानंतर या साऱ्याचे इंग्रजी भाषांतर जोडावे, कारण फिफाकडे मराठी कागद तसाच पाठवून चालत नाही.

ही साखळी जुळत नसेल तर ती ‘जुळवून’ घेऊ नये. मलेशियाने जून २०२५ मध्ये याच पात्रता फेरीत व्हिएतनामला ४-० असे हरवले, आणि त्यानंतर सात खेळाडूंच्या आजी-आजोबांचे जन्मदाखले बनावट असल्याचे फिफाने ठरवले. मूळ नोंदींप्रमाणे हे आजी-आजोबा अर्जेंटिना, ब्राझील, स्पेन आणि नेदरलँड्स येथे जन्मलेले होते. संघटनेला साडेतीन लाख स्विस फ्रँकचा दंड झाला, सातही खेळाडूंवर १२ महिन्यांची बंदी आली आणि नोव्हेंबरमध्ये फिफाच्या अपील समितीने ती कायम ठेवली. दाखले कोणी का बनवले असेनात, खेळण्याचे वर्ष त्या खेळाडूंचेच गेले.

दुसऱ्या देशाकडून आधी खेळले असेल तर

मैत्रीपूर्ण सामना खेळल्याने खेळाडू त्या देशाशी बांधला जात नाही. अधिकृत स्पर्धेतील सामना, मग तो १७ वर्षांखालील पात्रता फेरीचा का असेना, खेळला असेल तर देशबदलाची परवानगी लागते. त्या वेळी खेळाडूकडे भारतीय नागरिकत्व नसेल, जे ओसीआय मुलांच्या बाबतीत नसतेच, तर त्या देशाकडून शेवटचा अधिकृत सामना त्याने वयाची २१ वर्षे पूर्ण होण्याआधी खेळलेला असला पाहिजे आणि त्या देशाच्या वरिष्ठ संघाकडून अधिकृत स्पर्धेत तो कधीच उतरलेला नसला पाहिजे. म्हणून परदेशी वयोगट संघाचे बोलावणे आले, तर स्पर्धा कोणती आणि सामना अधिकृत की मैत्रीपूर्ण, हे लेखी विचारून ते पत्र जपून ठेवावे.

हा अर्ज खेळाडूला किंवा पालकांना करताच येत नाही. तो भारतीय फुटबॉल महासंघानेच फिफाकडे करायचा असतो, आणि निर्णय येईपर्यंत खेळाडू कोणत्याच देशाच्या संघातून खेळू शकत नाही. ज्यांची आई मुंबईची आणि आजोबा राज्यांच्या संघांमधील संतोष चषक स्पर्धेत मुंबईकडून खेळलेले, ते रायन विल्यम्स ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारतीय झाले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये भारताच्या शिबिरात दाखल झाले. तरीही १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशाविरुद्ध त्यांना उतरता आले नाही, कारण मंजुरीचे कागद वेळेत पोहोचले नव्हते. भारत तो सामना ०-१ असा हरला. नागरिकत्वाचे प्रमाणपत्र हाती पडले, की त्याच आठवड्यात पासपोर्टचा अर्ज करावा आणि महासंघाकडे संपूर्ण संच द्यावा. त्यात जन्मदाखले, त्यांची भाषांतरे आणि आजवर ज्या ज्या संघाकडून खेळले त्या सामन्यांची तारीखवार यादी असावी. यादीत एखादा सामना राहून गेला तर विचारणा आधीच्या देशाच्या संघटनेकडे जाते, आणि तिचे उत्तर येईपर्यंत शिबिरातील मुलाला बाकावरही बसता येत नाही.