बोंबलाचा वास चौथ्या मजल्यावर कसा पोहोचतो?

ठाण्यात चेंदणी कोळीवाड्याला लागून आमची इमारत आहे. तळमजल्यावर कुणी सुके बोंबील तव्यावर टाकले की दोन-तीन मिनिटांत चौथ्या मजल्यावर आम्हाला कळतं. परवा भाचीच्या वहीत याचं कारण वाचलं: 'वायूंचे विसरण', म्हणजे वायूचे रेणू भटकत भटकत आपोआप पसरणं. बाईंनी बरोबरची खूणही केली होती. माझं मात्र समाधान होईना.

हवेतले नायट्रोजनचे रेणू सेकंदाला साधारण 500 मीटर वेगाने धावतात. मग वास क्षणात का पोहोचत नाही? 1858 मध्ये डच हवामानशास्त्रज्ञ बॉइज बॅलट यांनी असाच आक्षेप घेतला होता: रेणू एवढे वेगवान, तर धूर खोलीत तरंगत का राहतो? रुडॉल्फ क्लॉसियस यांनी त्याच वर्षी उत्तर दिलं. रेणूला सरळ जाताच येत नाही. मिलिमीटरचा साधारण पंधरा हजारावा भाग पुढे जातो न जातो तोच तो दुसऱ्यावर आपटतो. एका सेकंदात अशा सुमारे 7 अब्ज टकरा, आणि दर टकरीला दिशा नवी. संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर आपणही असेच धक्के खातो, पण आपल्याला निदान प्लॅटफॉर्म गाठायचा असतो. रेणूला कुठेच जायचं नसतं.

अशा भटकण्यात अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो. वासाच्या जड रेणूंचा विसरणांक, म्हणजे ते किती भराभर पसरतात याचं माप, सेकंदाला 0.1 चौरस सेंटिमीटर धरा. वेळ म्हणजे अंतराचा वर्ग भागिले विसरणांकाची दुप्पट. अगदी स्थिर हवेत 1 सेंटिमीटरला 5 सेकंद लागतील, 1 मीटरला जवळजवळ 14 तास आणि चौथ्या मजल्यापर्यंतच्या 10 मीटरला तब्बल दोन महिने!

म्हणजे वास वर आणतात ते हवेचे प्रवाह. तव्यावरची तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, जिना धुराड्यासारखा तिला ओढून घेतो. विसरणाचं काम उरतं ते शेवटच्या मिलिमीटरभर अंतराचं, नाकाच्या आतल्या ओलसर अस्तरापर्यंत.

वास नाकात पोहोचला म्हणजे औषध झालं असंही नाही. 2021 मध्ये कोरोनाच्या लाटेत कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगल्याने ऑक्सिजन वाढतो असे संदेश घरोघर फिरत होते. कापराचे रेणू नाकात शिरतात, झोंबतात, मोकळं वाटतं. त्याने रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. त्या दिवसांत अशा भरवशावर उपचार लांबवणं जिवावर बेतणारं होतं.

विसरणाचा हा संथपणा सिलिंडरमधल्या प्रोपेन-ब्यूटेनलाही लागू. हवेपेक्षा जड असल्याने गळलेला गॅस जमिनीलगत साचतो आणि बंद घरात नुसत्या विसरणाने चटकन पांगत नाही. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या सताड उघडा, बाहेर पडा. एक्झॉस्ट फॅनच्या बटणालाही हात लावू नका, तिथली एक ठिणगी पुरते.