कामावर रुजू व्हायचं तर आधी पैसे भरा, ही पद्धत आली कुठून?

नवीन नोकरी लागते, आणि पहिला पगार हातात यायच्या आधीच युनिफॉर्मचे पैसे, किटचे पैसे, लॅपटॉपचं डिपॉझिट, आणि काही धंद्यांमध्ये तर चक्क बसायच्या-उभं राहायच्या जागेचं भाडंसुद्धा मागतात. बऱ्याच जणांना वाटतं हे आत्ता आत्ता ॲपवाल्या कंपन्यांनी काढलेलं फॅड आहे. तसं नाहीये. हे खूप जुनं आहे, आणि याविरुद्ध कामगार पिढ्यानपिढ्या भांडलेत, कायदे करून घेतलेत, त्यातलं बरंचसं आपण विसरून गेलोय.

सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे इंग्लंडमधले मोजे विणणारे. विल्यम ली नावाच्या माणसाने 1589 मध्ये विणकामाची चौकट (म्हणजे मोजे विणायचं यंत्र) बनवली, पुढे नॉटिंगहॅम, लेस्टर, डर्बी या पट्ट्यात हा मोठा धंदा झाला. चौकट महाग, विणकराला परवडायची नाही, म्हणून मालक ती भाड्याने द्यायचा आणि दर आठवड्याला मजुरीतून भाडं कापायचा. इथपर्यंत ठीक वाटतं ना? पण पुढे ऐका. काम कमी असलं तरी भाडं पूर्ण आठवड्याचंच. मग मालकांच्या लक्षात आलं की मोज्यांपेक्षा भाड्यातच पैसा जास्त आहे, म्हणून जेवढं काम दहा जणांना पुरेल तेवढं ते वीस जणांत वाटायला लागले, म्हणजे माणसाला अर्धाच आठवडा काम पण चौकटी वीस आणि भाडंही वीस चौकटींचं! ज्याची स्वतःची चौकट होती त्यालाही काम हवं असेल तर भाडं भरावं लागायचं, न वापरलेल्या मशिनचं. शिवाय मालकाच्या शेडमध्ये बसून विणलं तर जागेचे वेगळे, दिव्याचे वेगळे, सुयांचे वेगळे. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. सामानाचा खर्च भरून काढणं हा फक्त सांगायचा मुद्दा होता, खरं म्हणजे धंदा मंदावला की तोटा कामगाराने सोसायचा आणि मालकाची कमाई मात्र चालूच, अशी ती सोय होती.

1831 मध्ये ब्रिटनमध्ये ट्रक ॲक्ट आला (हा गाडीचा ट्रक नाही, मजुरी मालाच्या रूपात देण्याच्या पद्धतीला ‘ट्रक’ म्हणायचे), मजुरी पूर्णच्या पूर्ण रोख पैशातच द्यायची, मालाच्या किंवा दुकानाच्या चिठ्ठीच्या रूपात नाही. विणकरांना वाटलं आता भाडं सुटलं. पण 1846 मध्ये कोर्टाने उलटाच निकाल दिला, की चौकटीचं भाडं ही मजुरीतली कपात नाहीच, तो मजुरी मोजण्याचाच एक भाग आहे. झालं, एका वाक्यात कायदा निकामी. त्याच सुमारास सरकारने चौकशी आयोग नेमला होता, 1845 मध्ये त्याचा जाडजूड रिपोर्टही आला, विणकरांच्या साक्षीच्या साक्षी आहेत त्यात, तरी हे भाडं कायद्याने बंद व्हायला 1874 उजाडलं. म्हणजे कित्येक विणकर अख्खं आयुष्य ते भाडं भरत गेले.

मग 1888, लंडनमधला काडेपेट्यांचा कारखाना, ब्रायंट अँड मे. तिथल्या मुलींना दंड तर व्हायचेच, वर ब्रश आणि रंगासारख्या कामाच्याच सामानाचे पैसे कापले जायचे. ॲनी बेझंट यांनी (हो त्याच, पुढे 1917 मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या) त्यावर लेख लिहिला, मुली संपावर गेल्या आणि जिंकल्या. तडजोडीत दंड बंद झाले, आणि रंग, ब्रश, शिक्के यांच्या कपाती बंद हे स्पष्ट लिहून घेतलं गेलं. 1896 च्या नव्या ट्रक ॲक्टमध्ये तर सामान, हत्यारं, उजेड, उष्णता आणि उभं राहायची जागा अशी यादीच आहे. बंदी नाही घातली, पण अशी कपात करायची तर अटी आधी कळवायच्या आणि सामानाचे पैसे मालकाला पडलेल्या किमतीपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत असं ठरलं. उभं राहायच्या जागेचा उल्लेख कायद्यात करावा लागला यावरून कळतं तेव्हा काय चाललं होतं.

न्यूयॉर्कमध्ये 1909 च्या नोव्हेंबरमध्ये शर्टवेस्ट (बायकांचे शर्टसारखे ब्लाउज) शिवणाऱ्या सुमारे 20,000 कामगारांनी संप केला, बहुतेक तरुण मुली, नुकत्याच परदेशातून आलेल्या. सुया, धागा, मशिनची वीज, सामान ठेवायचा लॉकर, आणि ज्या खुर्चीवर बसून शिवायचं ती खुर्ची, सगळ्याचे पैसे त्यांच्याकडून घेतले जायचे. संपानंतर बऱ्याच मालकांनी सुया-धागा फुकट द्यायचं मान्य केलं.

आपल्याकडे 1936 चा वेतन प्रदान कायदा होता, 2025 मध्ये त्याची जागा वेतन संहितेने घेतली. 1936 च्या त्या कायद्यात पगारातून काय काय कापता येतं याची यादी होती आणि त्याबाहेरचं काही कापता येत नव्हतं. मालकाने दिलेल्या सुविधा-सेवांचे पैसे ठराविक अटींवर कापता यायचे, पण तिथेच स्पष्टीकरण जोडलं होतं की कामासाठी लागणारी हत्यारं आणि कच्चा माल या ‘सेवा’ धरायच्या नाहीत. हे एक वाक्य किती जणांना माहीत होतं कुणास ठाऊक. अमेरिकेत 1938 च्या कायद्यानंतर नियम झाला की कामाच्या हत्यारांच्या खर्चामुळे हातात पडणारा पगार किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये. कॅलिफोर्नियात त्याहून कडक, कामासाठी केलेला आवश्यक खर्च मालकाने भरून द्यायचा, आणि 2014 मध्ये तिथल्या कोर्टाने सांगितलं की स्वतःचा मोबाईल कामासाठी वापरावाच लागत असेल तर बिलाचा वाजवी वाटा कंपनीचा.

मग आजही हे का चालतं? दोन वाटा उरल्यात. पहिली म्हणजे कामगाराला कामगारच म्हणायचं नाही, ‘पार्टनर’ किंवा कंत्राटदार म्हणायचं, मग गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, बॅगही त्याने विकत घ्यायची. फेडेक्स ग्राउंड या अमेरिकेतल्या पार्सल पोचवणाऱ्या कंपनीचे ड्रायव्हर असेच ट्रक आणि युनिफॉर्म स्वतःच्या खर्चाने घेत होते, 2014 मध्ये कोर्टाने कॅलिफोर्नियातल्या ड्रायव्हरना कर्मचारी ठरवलं आणि पुढच्या वर्षी कंपनीने 22 कोटी 80 लाख डॉलरला तडजोड केली.

दुसरी वाट म्हणजे पगारातून कापायचंच नाही, जॉइनिंगच्या आधीच ऑनलाइन ट्रान्सफर करून घ्यायचं. वरचे बहुतेक कायदे पगारातल्या कपातीभोवती लिहिलेले, आणि इथे पगारच सुरू झालेला नसतो, स्लिप नाही की नोंद नाही. खोट्या नोकऱ्यांचे फसवे धंदे नेमके याच फटीत फोफावतात, कारण खरी कंपनीसुद्धा आधी पैसे मागते हे लोकांच्या अंगवळणी पडलंय. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1949 च्या करारात नोकरी मिळवण्यासाठी किंवा टिकवण्यासाठी मालकाला वा मध्यस्थाला पैसे पोचतील अशी कपात मना केली, 1997 मध्ये खाजगी प्लेसमेंट एजन्सींनी सर्वसाधारणपणे कामगाराकडून फी घ्यायची नाही असंही ठरलं. पण हे करार ज्या देशांनी मंजूर केले त्यांनाच लागू, आणि एजन्सी मध्ये नसेल, कंपनीच थेट डिपॉझिट मागत असेल, तर दुसऱ्या कराराचा उपयोग होत नाही.