उन्हातल्या कामाचा पहिला आठवडा

उघड्यावर काम करताना उष्माघाताने दगावलेल्यांच्या नोंदींत एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. त्यांतले बरेच जण त्या कामावर नवे असतात. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा विभागाच्या मते उघड्यावरच्या कामातले असे ५० ते ७० टक्के मृत्यू उन्हातलं काम सुरू झाल्यापासून पहिल्या काही दिवसांतच होतात. त्यांत तरुण, धडधाकट माणसंही असतात. ‘अंगात ताकद आहे, सोसेल’ हा हिशेब नेमका इथेच चुकतो.

उष्णता बाहेरून येते असं आपण धरून चालतो. कष्टाचं काम करणाऱ्याच्या शरीरात मात्र तिचा मोठा भाग आतच तयार होतो. स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात, तिच्यातला जेमतेम पाचवा हिस्सा प्रत्यक्ष कामात उतरतो, बाकीची उष्णता होते. स्वस्थ बसलेलं शरीर साधारण १०० वॅट उष्णता तयार करतं. खणताना किंवा ओझी वाहताना हाच आकडा ४००-५०० वर जातो. ७० किलो वजनाच्या शरीराचं तापमान १ अंश वाढायला सुमारे २४५ किलोज्यूल पुरतात. म्हणजे ४०० वॅट उष्णता बाहेर पडूच शकली नाही, तर दर दहा मिनिटांना शरीर एका अंशाने तापेल आणि ३७ अंशांवरून ४० वर जायला अर्धा तासच लागेल. प्रत्यक्षात थोडीफार उष्णता बाहेर जात राहते, म्हणून इतक्या झपाट्याने सहसा घडत नाही. पण हाताशी वेळ किती थोडा असतो, हे या आकड्यांवरून कळतं.

हवा त्वचेपेक्षा गरम झाली, म्हणजे साधारण ३५ अंशांच्या वर गेली, की उष्णता बाहेर टाकायला घाम हा एकच मार्ग उरतो. तो जबरदस्त आहे. एक लिटर घाम सुकताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. अट एकच, तो अंगावर सुकला पाहिजे. ओघळून जमिनीवर पडलेला घाम शरीरातलं पाणी आणि मीठ नेतो, गारवा काहीच देत नाही. दमट हवेत घामाच्या धारा लागूनही माणूस तापत जातो तो यामुळे.

म्हणूनच हवामानाच्या बातमीतलं तापमान कामगाराच्या फारसं उपयोगाचं नाही. ते सावलीत मोजलेलं असतं, आणि त्यात दमटपणाही धरलेला नसतो. अमेरिकेच्या मरीन दलाच्या प्रशिक्षण छावण्यांत जवान उष्माघाताने कोसळू लागले, तेव्हा १९५० च्या दशकात ‘वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर’ हा निर्देशांक आकाराला आला. त्यात तीन तापमापक असतात: एकाच्या टोकाला घामासारखं सुकणारं ओलं कापड, दुसरा ऊन शोषणाऱ्या काळ्या पोकळ गोळ्याच्या आत, तिसरा साधा. ओल्याच्या आकड्याला ७० टक्के वजन, काळ्या गोळ्याला २० आणि साध्या तापमानाला फक्त १० टक्के. घाम सुकेल का, या प्रश्नाला किती महत्त्व आहे ते या वाटणीतच दिसतं. कतारमध्ये २०२१ च्या नियमानुसार हा निर्देशांक ३२.१ च्या वर गेला की उघड्यावरचं काम थांबवावं लागतं. हे ३२ म्हणजे बातमीतलं ३२ नव्हे. कोरड्या हवेत पारा चाळिशी ओलांडून गेला तरी निर्देशांक त्याच्या आसपास असू शकतो.

आता पुन्हा त्या नव्या माणसाकडे येऊ. ‘उन्हाची सवय होते’ असं आपण म्हणतो ते अगदी खरं आहे, आणि त्या सवयीला वेळापत्रक आहे. रोज दोनेक तास उष्ण हवेत काम केलं की पहिल्या काही दिवसांतच रक्तातला द्रव भाग वाढतो. त्यामुळे हृदयाला स्नायू आणि त्वचा दोन्हींकडे रक्त पोचवणं सोपं जातं आणि तेच काम करताना नाडी कमी धावते. पुढच्या दिवसांत घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो, आणि घामाच्या ग्रंथी त्यातलं मीठ परत शोषून घेऊ लागतात. सवय झालेल्याचा घाम नवख्यापेक्षा कमी खारट असतो. या सगळ्याला एक ते दोन आठवडे लागतात. जिद्दीने ते दोन दिवसांत होत नाही.

खेदाची बाब अशी की हे ज्ञान नवं नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या खोल सोन्याच्या खाणींत गेल्या शतकातच नव्या कामगारांना आधी उष्ण, दमट वातावरणात टप्प्याटप्प्याने काम करायला लावत आणि मगच खाली पाठवत. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेचा सल्लाही सरळ आहे: नव्या माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या वेळेच्या फक्त २० टक्के वेळ उन्हात काम द्यावं आणि रोज २० टक्क्यांनी वाढवत न्यावं. जुना माणूस रजेवरून आला असेल तर ५०, ६०, ८०, १०० टक्के असे चार दिवस. सवय मोडतेही लवकर. आठवडाभर कामावर नसलं तरी तिचा बराचसा भाग गेलेला असतो. आजारपणातून उठून आलेला अनुभवी गवंडी म्हणूनच अर्धा नवखाच समजावा.

व्यवहारात मात्र उलट घडतं. नव्याला पहिल्याच दिवशी आपण कमी नाही हे मुकादमाला दाखवायचं असतं. मजुरी नगावर असेल तर सावलीत बसलेला प्रत्येक क्षण त्याच्या खिशातून जातो. अशा माणसाला ‘थकलास की बस’ असं सांगणं पुरेसं नाही, असं मला ठामपणे वाटतं. विश्रांती वेळापत्रकात लिहिलेली हवी आणि तिचे पैसे कापले जाता कामा नयेत. मध्य अमेरिकेत ऊसतोड कामगारांमध्ये मधुमेह किंवा रक्तदाब नसतानाही मूत्रपिंडं निकामी होण्याचा आजार मोठ्या प्रमाणावर आढळला. उष्णतेत वर्षानुवर्षं केलेले कष्ट आणि शरीरातलं पाणी घटणं हे त्यामागचं मोठं कारण मानलं जातं. एल साल्वादोरमध्ये एका प्रयोगात ठरलेल्या वेळी विश्रांती, हलवता येणारी सावली, पाठीवर नेता येणारं पाणी आणि सुधारित कोयते दिले, तेव्हा प्रत्येकाची तोड घटली नाही, वाढली.

पाण्याचं प्रमाण सोपं आहे: दर १५-२० मिनिटांनी एक पेला, तहानेची वाट न पाहता. तासाला दीड लिटरच्या वर मात्र जाऊ नये, कारण रक्तातलं मीठ धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकतं. कित्येक तास घाम गळत असेल तर मीठही मिळायला हवं. आणि लघवीला जायची सोय नसेल तर माणसं पाणी प्यायचंच टाळतात, विशेषतः स्त्रिया. कामाच्या जागी शौचालय असणं हा उष्णतेपासूनच्या संरक्षणाचाच भाग आहे.

उष्माघातात बिघाड दिसतो तो आधी मेंदूत. माणूस बरळतो, चिडतो, भलतीकडे चालू लागतो, आणि ‘मला काही झालं नाही’ म्हणतो. त्याच्या शब्दावर विसंबू नये. यासाठीच जोडीने काम करावं आणि नव्याची जोडी जुन्याशी लावावी. त्वचा कोरडी असेल तरच उष्माघात, ही समजूत घातक आहे. कष्ट करताना ऊन लागलेला माणूस बहुधा घामाने थबथबलेला असतो. तापाची गोळी इथे काम करत नाही, कारण हा ताप मेंदूने ठरवून वाढवलेला नसतो.

वैद्यकीय मदत बोलवा, पण ती येईपर्यंत थांबू नका. सावलीत न्या, जाड कपडे काढा, सर्वांगावर थंड पाणी ओता, वारा घाला. मोठं पिंप किंवा कडा उचलून धरून पाणी साठवता येईल अशी ताडपत्री हाताशी असेल तर डोकं वर धरून बाकीचं अंग थंड पाण्यात बुडवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. पहिल्या अर्ध्या तासात शरीर थंड झालं तर बहुतेक जण वाचतात. बरा झालेला माणूस पुढे काही आठवडे उष्णता नीट सोसू शकत नाही. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तो परत येईल, तेव्हा त्याला नव्या माणसासारखंच थोड्या वेळाच्या कामापासून सुरुवात करू द्यावी.