राजकीय सोहळ्यांचे वार्तांकन : देखावा आणि आशय (बडोदे)

दरबार, राज्यारोहण, शपथविधी, भूमिपूजन, लोकार्पण, रोड शो यांची बातमी देताना डोळ्यांना दिसणाऱ्या थाटाला किती जागा द्यायची आणि त्या प्रसंगी झालेल्या निर्णयाला किती, हा वृत्तपत्रसृष्टीतला जुना प्रश्न आहे. थाट निरर्थक असतो असे मात्र नाही. संस्थानी काळात कोण कुठे बसले, कोणाला किती तोफांची सलामी मिळाली, यावरून सत्तेची उतरंड कळत असे. बडोद्याच्या गायकवाडांचा २१ तोफांचा मान हा राजकारणाचाच भाग होता. हा अर्थ न उलगडता नुसते वर्णन केले की बातमी तोकडी पडते.

याचा सर्वांत बोलका दाखला बडोद्याचाच आहे. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्लीत पंचम जॉर्ज यांचा दरबार भरला. संस्थानिकांनी एकेक करून सिंहासनासमोर यायचे, मुजरा करायचा आणि पाठ न दाखवता मागे सरायचे, असा रिवाज होता. हैदराबादच्या निजामानंतर लगेच सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांची पाळी आली. साधा पोशाख, हातात छडी. ते एकदाच वाकले, वळले आणि चालू लागले. काही क्षणांचा हा प्रसंग, पण तिथे चलच्चित्राचे कॅमेरे होते. ती फीत लंडनच्या चित्रपटगृहांत दाखवली गेली आणि इंग्रजी वृत्तपत्रांनी महाराजांच्या राजनिष्ठेवर शंका घेतली. शंकेला पार्श्वभूमी होती. पुढे क्रांतिकारक म्हणून गाजलेले अरविंद घोष १८९३ ते १९०६ या काळात बडोद्याच्या नोकरीत होते आणि ब्रिटिश सरकारची संस्थानावर संशयाची नजर होती. महाराजांनी व्हाइसरॉय हार्डिंग यांना पत्र लिहून दिलगिरी व्यक्त केली. त्या क्षणी आपण गोंधळून गेलो, असे त्यांचे म्हणणे होते.

त्याच दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची आणि बंगालची फाळणी रद्द करण्याची घोषणा झाली. या बातम्या झाकल्या जाणे शक्यच नव्हते. पण आणखी एक घोषणा होती : लोकशिक्षणासाठी ५० लाख रुपये. बडोद्याच्या दृष्टीने खरी बातमी इथे होती. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या राज्याला लागू केला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा बडोद्याचेच उदाहरण पुढे ठेवले; मार्च १९१२ मध्ये ते विधेयक फेटाळले गेले. ज्या राजाची पावले मोजली जात होती, त्याच्या राज्यातल्या शाळा ब्रिटिश हिंदुस्थानला का परवडत नाहीत, हे विचारायची याहून चांगली संधी नव्हती. वाद रंगला तो छडीचा आणि पाठीचा.

यात दोष एकट्या इंग्रजी पत्रांचा नाही. ‘महाराजांनी इंग्रजांच्या राजाला पाठ दाखवली’ ही गोष्ट बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांतही अभिमानाने सांगितली जाते, आणि सांगताना दिलगिरीचे पत्र गळून पडते. इंग्रजांना जो अपमान दिसला, तोच आपल्याला पराक्रम वाटला. दोघांनीही पाहिली ती चित्रफीतच. अमरेलीच्या शाळांची गोष्ट त्याच उत्साहाने क्वचितच सांगितली जाते, हे खरोखर खटकते.

आजच्या वार्तांकनातही ओढ देखाव्याकडेच असते आणि त्यामागे कामाची रीत आहे. सुरक्षा तपासणीमुळे बातमीदार काही तास आधीच मंडपात अडकतो, कॅमेऱ्याची जागा आखून दिलेली असते, भाषणाची प्रेसनोट हाती येते. लाइव्ह चालू असताना गर्दी, फुले आणि हात हलवणारा नेता एवढेच दाखवता येते. फाइल वाचायला दुसरा दिवस लागतो आणि दुसऱ्या दिवशी दुसराच कार्यक्रम असतो.

२८ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांचा वडोदऱ्यात (म्हणजे बडोद्यातच) रोड शो झाला, टाटांच्या विमान कारखान्याचे उद्घाटन झाले आणि लक्ष्मी विलास राजवाड्यात पाहुणचार झाला. दृश्ये देखणी होती. करार सप्टेंबर २०२१ चा : सी-२९५ जातीची ५६ लष्करी वाहतूक विमाने, त्यांपैकी १६ स्पेनमधून तयार, ४० वडोदऱ्यात बनायची. त्याच कारखान्याचे भूमिपूजनही ऑक्टोबर २०२२ मध्ये पंतप्रधानांच्याच हस्ते झाले होते, म्हणजे एका प्रकल्पाचे दोन सोहळे. वडोदऱ्यात तयार झालेले पहिले विमान सप्टेंबर २०२६ मध्ये देण्याचे वेळापत्रक जाहीर झाले होते. किती सुटे भाग इथल्या लघुउद्योगांकडून घेतले, आयटीआय झालेल्या किती स्थानिक मुलांना काम मिळाले आणि वेळापत्रक पाळले गेले का, हे प्रश्न उद्घाटनाच्या बातमीतच तारखेसह नोंदवले, तर पुढच्या बातमीदाराला ती तारीख धरून कारखान्याच्या दारात उभे राहता येते.